घरचा कॉम्प्युटर, परक्याचा हात

‘मागच्या महिन्याचं वीजबिल जमा दिसत नाही, आज रात्री साडेनऊला तुमची लाइन कापली जाईल, ताबडतोब खालच्या नंबरवर अधिकाऱ्याशी बोला.’ २०२२ साली या धाटणीचे मेसेज महाराष्ट्रात घरोघरी फिरले. बिल भरलेलं असलं तरी माणूस दचकतोच. त्या नंबरवर फोन लावला की समोरचा आधी धीर द्यायचा, मग ‘बिल अपडेट करायला’ एक छोटं ॲप टाकायला लावायचा आणि पाच-दहा रुपये भरून बघायला सांगायचा. ते ॲप म्हणजे टीमव्ह्यूअर किंवा एनीडेस्कसारखं, दुरून दुसऱ्याचा पडदा पाहू देणारं सॉफ्टवेअर. पाच-दहा रुपये भरताना टाकलेला पासवर्ड आणि आलेला ओटीपी पलीकडच्याला आयता दिसायचा. शेवटी महावितरणला जाहीर करावं लागलं, की आमचे मेसेज ‘व्हीएम-एमएसईडीसीएल’, ‘व्हीके-एमएसईडीसीएल’ अशा नावानं येतात, कुणाच्या खासगी मोबाइलवरून येत नाहीत.

या फसवणुकीत व्हायरस नव्हता आणि हॅकिंगची थोर विद्याही नव्हती. सॉफ्टवेअर खरं, ते बनवणारी कंपनी खरी, आणि जोडणी मागितल्यावर ‘ॲक्सेप्ट’वर पडलेलं बोट घरच्याच माणसाचं. रिझर्व्ह बँकेनं तर फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. मोबाइलवर जे होतं तेच घरच्या कॉम्प्युटरवर जास्त आरामात होतं, कारण कॉम्प्युटरवर आपली सगळी कागदपत्रं, ईमेल आणि बँक एकाच जागी उघडी असते.

आपल्या लोणखेड्याचंच बघा, गाव शहाद्याला लागूनच. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शिक्षणसंस्थांमुळे या भागात शिकणाऱ्या पोरांची वर्दळ, आणि बऱ्याच घरांत एखादा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप. दिवसा त्यावर प्रोजेक्ट आणि शिष्यवृत्तीचा अर्ज, संध्याकाळी त्यावरच महाडीबीटी, सातबारा, पपई-केळीच्या पट्ट्यांचा हिशेब आणि नेटबँकिंग. मुलगा पुण्याला नाहीतर सुरतेला नोकरीला. प्रिंटर चालेना झाला की आप्पा त्यालाच फोन लावतात, आणि तो म्हणतो, ‘एनीडेस्क उघडा, नंबर सांगा, रिमोट घेतो.’ पाच मिनिटांत काम होतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दुकानदारही आता घरी यायच्या ऐवजी बऱ्याचदा रिमोटच घेतो. ही सोय मोलाची आहे. ती बंदच करा असं सांगण्यात अर्थ नाही. मात्र ‘नंबर सांगा’ हे वाक्य ज्या घरात नेहमी ऐकू येतं, त्या घरात ते तिऱ्हाइतानं उच्चारलं तरी खटकत नाही. खरा धोका इथे आहे, आणि बचावाची सुरुवातही इथूनच करायची आहे.

रिमोट द्यायचा कुणाला?

नियम एकच, पण त्याचे दोन भाग आहेत.

पहिला भाग: ज्यानं आपल्याला आधी गाठलं, त्याला कॉम्प्युटर द्यायचा नाही. तो बँकेचा असो, महावितरणचा असो, मायक्रोसॉफ्टचा असो की पोलिसांचा. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय’ हे कळवायला मायक्रोसॉफ्ट कुणाला फोन करत नाही, आणि तिच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. कुठलीच बँक खातेदाराचा पडदा पाहायला मागत नाही. आपल्याला मदत हवी होती, आपण मागितली आणि मदत करणारा आपल्या ओळखीचा आहे, या तीन गोष्टी जुळल्या तरच रिमोट.

दुसरा भाग: फोन आपण लावला तरी नंबर कुठून घेतला ते बघायचं. बरेच लोक नेमके इथे फसतात. परतीचे पैसे अडकले, रिचार्ज झाला नाही, की माणूस इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो आणि वरच दिसलेला नंबर फिरवतो. तो नंबर भामट्यानंच तिथे पेरलेला असू शकतो. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागच्या बाजूवरून घ्या, विजेसाठी १९१२ लावा, गॅसचा नंबर गॅसच्या पुस्तकावरून. बँकेचं संकेतस्थळ उघडायचं असेल तर पत्त्याचा शेवट पाहा. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. सरकारी कामाच्या पत्त्याचा शेवट बहुधा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असतो. सातबाऱ्यासाठी किंवा महाडीबीटीसाठी भलत्याच पत्त्याचं पान उघडलं, तर ते कितीही हुबेहूब दिसो, बंद करा.

हल्ली आवाजाचीही नक्कल करता येते. मुलाचाच आवाज वाटला, पण तो अनोळखी नंबरवरून घाईघाईनं रिमोट किंवा पैसे मागतोय, तर फोन ठेवा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावा. खरा असेल तर तो रागावणार नाही.

पलीकडचा माणूस नेमकं काय करतो

हा धंदा कुठे दूर परदेशात चालतो असं समजू नका. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना ‘तुमच्या प्राप्तिकर खात्यातून बोलतोय’ असं धमकावून पैसे उकळले जात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत सीबीआयनं देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात टेक सपोर्टच्या नावाखाली परदेशी ग्राहकांना लुबाडणारी कॉल सेंटरंही होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआय आपल्या इगतपुरीत पोचली, एका रिसॉर्टमध्ये थाटलेल्या कॉल सेंटरवर. तिथली माणसं ॲमेझॉनच्या मदत केंद्राचे कर्मचारी बनून फोन करत होती. म्हणजे फोनवरचा माणूस एकटा-दुकटा भामटा नसतो. त्याला काय बोलायचं ते लिहून दिलेलं असतं, आणि त्याचा दिवस त्याच त्या युक्त्या करण्यात जातो. त्या युक्त्या आपल्याला आधीच ठाऊक असल्या की त्याचं निम्मं बळ संपतं.

भरलेला पडदा. एखादा सिनेमा किंवा फाँट फुकटात डाउनलोड करायला गेलात की अचानक पूर्ण पडदा निळा किंवा लाल होतो, भोंगा वाजतो, ‘कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा’ अशी सूचना झळकते. हे फक्त ब्राउझरमधलं एक पान असतं, पडद्याएवढं मोठं केलेलं. कॉम्प्युटरला काही झालेलं नसतं.

लाल खुणांची यादी. फोनवरचा माणूस सांगतो, ‘विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, मी सांगतो ती अक्षरं टाइप करा.’ उघडतो इव्हेंट व्ह्यूअर. त्यात लाल ‘एरर’ आणि पिवळ्या ‘वॉर्निंग’च्या रांगाच्या रांगा. ‘ये देखिए सर, कितने वायरस हैं!’ खरं तर ती विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, नेट मध्येच गेलं, असल्या बारीकसारीक नोंदी ती ठेवते. कालच विकत घेतलेल्या कॉम्प्युटरवरही लाल खुणा सापडतील. आज घरी एकदा स्वतः उघडून पाहा. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, ‘विंडोज लॉग्ज’ आणि मग ‘सिस्टिम’ उघडा. एकदा पाहिलं की ही युक्ती तुमच्यावर पुन्हा चालणार नाही.

जास्तीचा परतावा. रिमोट मिळाल्यावर तो ‘पैसे परत करतो, नेटबँकिंग उघडा’ म्हणतो. क्षणभर पडदा काळा होतो. समोरचा पडदा झाकून आत काम करण्याची सोय अशा सॉफ्टवेअरमध्ये असते. पडदा परत येतो तेव्हा पाचशेऐवजी पन्नास हजार जमा झालेले दिसतात. मग तो रडकुंडीला येतो: ‘चूक झाली, माझी नोकरी जाईल, जास्तीचे परत पाठवा.’ खात्यात काहीच आलेलं नसतं. ब्राउझरच्या पानावर दिसणारा आकडा बदलणं हे दोन क्लिकचं काम आहे. बदलतं ते फक्त पडद्यावरचं चित्र, आणि पान पुन्हा लोड केलं की खरी शिल्लक दिसते. कधी तो आपल्याच मुदत ठेवीवर ऑनलाइन कर्ज काढून ते बचत खात्यात वळवतो. तेव्हा शिल्लक खरंच वाढते, पण ते पैसे आपलेच असतात.

ओटीपी न विचारता ओटीपी. ‘ओटीपी कुणाला सांगत नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. विंडोजच्या ‘फोन लिंक’मधून किंवा मेसेजेसच्या वेब आवृत्तीतून मोबाइलचे मेसेज कॉम्प्युटरवर दिसत असतील, तर रिमोटवर बसलेल्याला ओटीपी विचारायची गरजच उरत नाही. व्हॉट्सॲप वेबचंही तेच. गरज नसेल तर या जोडण्या तोडून टाका. मोबाइलच्या व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून ओळखीचं नसलेलं सगळं लॉगआउट करा.

पडदा अडकला तर

घाबरून फोन उचलण्याआधी हे करा:

१. एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. पान पूर्ण पडद्यावरून लहान होईल, मग नेहमीसारखं बंद करा.

२. नाही झालं तर ऑल्ट आणि एफ-४. तरीही नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीतला ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा.

३. काहीच जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरा आणि कॉम्प्युटर बंद करा. ‘बंद करू नका’ ही सूचना भामट्याची आहे, ती पाळायची नाही.

४. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं परत आणू का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा.

कोपऱ्यातून सारखं ‘तुमचा अँटिव्हायरस संपला’ असं काही उगवत असेल, तर ते बहुधा एखाद्या संकेतस्थळाला नकळत दिलेल्या परवानगीमुळे. क्रोममध्ये सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ असं जा आणि अनोळखी नावं काढून टाका. एवढ्यानंच कटकट थांबते, दुकानात जावं लागत नाही.

रिमोट वापरायचंच, तर असं

मुलगा पुण्याहून मदत करतो, ती चालूच राहू द्या. फक्त काही बंधनं घालून घ्या.

- फोन आपण लावायचा, आणि जोडणी व्हायच्या आधी बँक व ईमेल लॉगआउट करायचं.

- विंडोजमध्ये ‘क्विक असिस्ट’ आयतंच असतं. त्यात मदत करणारा दरवेळी नवा कोड देतो, आणि तो थोड्या वेळात बाद होतो. अधूनमधून लागणाऱ्या मदतीला हे पुरेसं आहे. भामटेही तेच उघडायला सांगतात, म्हणून कोड कुणाकडून आला यावर सगळं अवलंबून.

- एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर वापरत असाल, तर ‘अनअटेंडेड ॲक्सेस’ बंद आहे ना ते त्याच्या सेटिंग्जमध्ये पाहा. ही सोय चालू असली की पासवर्ड जाणणारा माणूस घरी कुणी नसतानाही आत येऊ शकतो. दुरुस्तीला दिलेला कॉम्प्युटर घरी आणल्यावर ही तपासणी जरूर करा. पुढच्या वेळची ये-जा वाचावी म्हणून कुणी चांगल्या हेतूनं ती चालू ठेवलेली असू शकते.

- सेटिंग्ज, ‘सिस्टिम’ मध्ये ‘रिमोट डेस्कटॉप’ हा पर्याय बंद ठेवा. घरगुती कामाला तो लागत नाही. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत तर बाहेरून आत येण्याची ही सोयच नसते.

- काम चालू असताना पडद्यासमोरून उठायचं नाही. काम संपलं की जोडणी तोडायची, आणि सॉफ्टवेअर रोजच्या वापराचं नसेल तर ते काढून टाकायचं.

कॉम्प्युटरची डागडुजी

माणूस सावध असला तरी एखादा दिवस कामाच्या गडबडीचा येतोच. त्या दिवशी कॉम्प्युटरनं आपल्याला सांभाळून घ्यावं, यासाठी ही तयारी.

अपडेट. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरातले कॉम्प्युटर बंद पाडले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. फटका बसला तो ज्यांनी हा अपडेट घेतला नाही त्यांना. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’नं न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं. म्हणून ‘नंतर आठवण करा’ म्हणत अपडेट महिनोन्‌महिने ढकलू नका. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० वर वर्षभराची सुरक्षेची जादा मुदत मागून घेता येते, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. जुना कॉम्प्युटर विंडोज ११ पेलत नसेल, तर त्यावर बँकेचं काम करू नका. शिकायला आणि लिहायला तो लिनक्स टाकून खुशाल वापरा.

क्रॅक. हिशेबाचं सॉफ्टवेअर, फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर किंवा खुद्द विंडोज ‘क्रॅक’ करून घ्यायची सवय सगळीकडे आहे. ते चालवायला आधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगतात. म्हणजे पहारा हटवायला आपल्यालाच लावतात, आणि मग त्या फायलीतून काय आत आलं ते कुणाला कळत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पळवणारे प्रोग्रॅम बऱ्याचदा असेच येतात. वाचलेल्या पैशांच्या मानानं हा सौदा फार महाग पडतो.

दोन खाती. बहुतेक घरांत एकच खातं असतं आणि त्याला सगळे अधिकार असतात. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडून रोजच्या वापरासाठी साधं, म्हणजे ‘स्टँडर्ड’ खातं काढा आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चा पासवर्ड घरातल्या एकाच जाणत्या माणसाकडे ठेवा. मग पूर्ण कॉम्प्युटरवर काही बसवायचं झालं की पासवर्ड मागितला जातो, आणि तेवढ्या वेळात माणूस भानावर येतो. यानं सगळं अडत नाही, कारण एनीडेस्कसारखी काही सॉफ्टवेअर न बसवताही चालतात. पण नुकसानीला आळा बसतो.

अँटिव्हायरस. विंडोजसोबत येणारा ‘डिफेंडर’ चालू आणि ताजा असेल तर घराला पुरतो. एकाच वेळी दोन-दोन अँटिव्हायरस टाकू नका. शंका आली तर केंद्र सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ आहे, २०१७ मध्ये सुरू झालेलं. तिथे सफाईची साधनं फुकट मिळतात. त्यातलं एक आपल्या पुण्याच्या क्विक हीलचं आहे.

पासवर्ड आणि राउटर. ईमेलचा पासवर्ड सगळ्यांत मोठा ठेवा, कारण बाकीचे पासवर्ड विसरलात की नवे त्याच ईमेलवर येतात. ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा. वायफायच्या राउटरचा कंपनीनं दिलेला ‘ॲडमिन’ हा पासवर्ड तसाच असेल तर बदला.

प्रत. मुलांचे फोटो, शाळेचे दाखले, जमिनीचे कागद यांची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर काढा आणि काम झालं की ती हार्डडिस्क काढून कपाटात ठेवा. जोडूनच ठेवली तर खंडणीखोर व्हायरस तीही बंद करतो.

‘डाउनलोड्स’मध्ये काय पडलंय?

देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी. तेव्हापासून बँक, अनुदान, रेशन, शिष्यवृत्ती सगळं आधारला जोडलं गेलं आणि अर्ज भरता भरता घरच्या कॉम्प्युटरवर आधारच्या फायली साचत गेल्या. ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडून बघा. घरातल्या सगळ्यांचं आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सह्यांचे फोटो, आणि बऱ्याच ठिकाणी ‘पासवर्ड’ याच नावाची एक नोटपॅडची फाइल. रिमोट मिळालेला माणूस सगळ्यांत आधी इथेच डोकावतो.

डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो हे खरं, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. बाजूलाच दहावीचा दाखला पडलेला असेल तर हा पासवर्ड शोधायला कुणाला कष्ट पडणार? अर्ज झाला की अशा फायली पेनड्राइव्हवर हलवा आणि कॉम्प्युटरवरून पुसा. ‘रिसायकल बिन’ही रिकामा करा. जिथे पूर्ण क्रमांकाची सक्ती नाही तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. अंगठ्यावर पैसे काढण्याचा गैरवापर टाळायला ‘माय आधार’ संकेतस्थळावरून बायोमेट्रिक कुलूपबंद करता येतं आणि लागेल तेव्हा उघडता येतं.

घात झालाच तर

शेतात पाण्याचा दांड फुटला की आधी माती टाकून पाणी अडवतो, कुणी फोडला ते मग बघतो. इथेही क्रम तोच ठेवायचा.

१. नेट तोडा. राउटरचं बटण बंद करा किंवा वायर काढा. कर्सर आपोआप हलत असेल तर त्या माणसाशी वाद घालत बसू नका, फोन कापा.

२. लगेच १९३० लावा. केंद्राची ही सायबर फसवणुकीची मदतवाहिनी आहे. आपली बँक, खाते क्रमांक, किती रुपये, किती वाजता आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवले जातात. ते काढून घेण्याआधी वाटेत कुठे सापडले तर तिथेच गोठवता येतात. म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. संध्याकाळी मुलगा आल्यावर बघू, असं करू नका.

३. बँकेला कळवा: खातं, कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय सगळं थांबवायला सांगा. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

४. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या मोबाइलवरून किंवा कॉम्प्युटरवरून. आधी ईमेलचा, मग बँकेचा. ईमेलच्या सेटिंग्जमध्ये आपला मेल परस्पर दुसरीकडे वळवलेला नाही ना आणि ‘रिकव्हरी’चा नंबर आपलाच आहे ना, हे तपासा.

५. पुरावा जपा. कॉम्प्युटर दुकानात नेला की ‘फॉर्मॅट मारून टाकू’ हाच उपाय सुचवला जातो. थोडं थांबा. आलेले मेसेज, फोन नंबर, समोरच्याचा आयडी, बँकेची नोंद यांचे फोटो काढा. आपल्याशी कोण, केव्हा जोडलं गेलं याची नोंद एनीडेस्क कॉम्प्युटरवर ठेवतं, ती पोलिसांच्या कामी येते. फॉर्मॅट केलात की ती गेली.

६. तक्रार नोंदवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ वर, आणि शहादा पोलीस ठाण्यात किंवा नंदुरबारच्या सायबर पोलीस ठाण्यात. गुन्हा कुठे घडला यावरून टोलवाटोलवी होऊ नये म्हणून जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कुठल्याही ठाण्यात फिर्याद घेण्याची तरतूद आहे.

७. मग सफाई. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ची यादी तारखेप्रमाणे लावा आणि त्या दिवशी आलेलं सगळं काढा. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये डिफेंडरचं ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. मोठी रक्कम गेली असेल तर कागदपत्रांची प्रत घेऊन विंडोज नव्यानं टाकणंच बरं.

नुकसान कुणी सोसायचं याचे नियम रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. ना बँकेची चूक, ना आपली, आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर खातेदारावर बोजा शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. पासवर्ड किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं मात्र बँकेचं. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असेच नियम घालून दिले. चूक आपलीच होती म्हणून गप्प बसणाऱ्याचं नुकसान वाढत जातं, ते यामुळेच.

आणखी एक सावधगिरी. पैसे गेल्यावर काही दिवसांनी ‘तुमची रक्कम सोडवून देतो, फक्त फी भरा’ असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. वर सांगितलेला नियम इथेही लागू: त्यानं आधी गाठलं, म्हणजे त्याला काही द्यायचं नाही.

घरात काय ठरवायचं

ज्येष्ठ माणसं फसल्यावर गप्प राहतात ते बहुतेक वेळा घरच्यांच्या बोलण्याच्या धास्तीनं. ‘एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?’ हे वाक्य एकदा कानावर पडलं, की पुढच्या वेळी ते १९३० लावायलाही बिचकतील आणि पैसे गोठवण्याची वेळ निघून जाईल. म्हणून आधीच सांगून ठेवा: ‘आप्पा, काही विचित्र वाटलं तर फोन ठेवा आणि मला लावा. मी मीटिंगमध्ये असलो तरी चालेल.’

नोकरीसाठी बाहेरगावी असलेल्या मुलांनी पुढच्या सुट्टीत लोणखेड्याला आल्यावर वरची डागडुजी स्वतः करून द्यावी. दोन-अडीच तासांचं काम आहे आणि त्याला बहुतेक ठिकाणी रुपयाही लागत नाही. अभियांत्रिकीला किंवा संगणकशास्त्राला जाणाऱ्या पोरांनी हेच शेजारच्या घरी जाऊन केलं, तर दिवाळीच्या सुट्टीत अख्खी गल्ली होईल. काम संपल्यावर मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर चार ओळी पुरेत: ‘रिमोट फक्त घरच्यांना. नंबर पासबुकावरून. शंका आली की नेट बंद. पैसे गेले की लगेच १९३०.’